जाताना सव्वा तास, येताना सव्वातीन

आई गेली त्या सकाळी मला दोन फोन करायचे होते. थोरला श्रीदादा बर्लिनला, धाकटा मंदार डब्लिनला. आधी दादाला लावला. "दादा, आई..." एवढंच म्हणाले, तर मागून मंदारचाच आवाज आला, "काय झालं गं ताई?" दोघे डब्लिनच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडत होते, हात भाजणीने माखलेले. रडता रडता मला हसू फुटलं. आईने मनात धरलेलं शेवटच्या दिवसापर्यंत तडीला नेलं होतं.

बाबांनंतर काही वर्षांनी आई आमच्याकडे मेलबर्नला, पॉइंट कुकला राहायला आली. तेव्हा या दोघांना एकमेकांना भेटून तीन वर्षं झाली होती. भांडण वगैरे काही नाही, निव्वळ आळस! आईला मात्र घोर लागलेला. "मी आहे तोवर ठीक. नंतर तुम्ही तिघं वाढदिवसाला मेसेज टाकाल, संपलं," म्हणायची. मग तिने माझ्या लेकीकडून, ईशाकडून, विमानांच्या वेळा काढून घेतल्या. बर्लिनहून दहाला सुटतं, डब्लिनला सव्वाअकराला उतरतं. "सव्वा तास! अगं, इथून पर्थला चार तास लागतात, तेही एकाच देशात!" परतीचे मात्र सव्वातीन तास दिसत होते. "आज्जी, इट्स जस्ट द टाइम झोन! खरे दोन्हीकडून सव्वादोनच," ईशाने समजावलं. आईला ते पटलं, पण सोयीचं नव्हतं. "असू दे. भावाकडे जाताना सव्वा तासच. येताना पाय निघत नाही, म्हणून सव्वातीन."

तिच्या सत्तरीला दोघे इथे आले. परत निघताना बाईसाहेबांनी आपला जुना पितळी सोऱ्या गुपचूप दादाच्या बॅगेत घातला आणि त्याची चकलीची चकती मंदारच्या. दिवाळीआधी दादाचा फोन.

"आई, चकती कुठंय?"

"डब्लिनला. सव्वा तासावर."

"अगं, ऑनलाइन मिळते ती!"

"मग माझ्या सोऱ्याला बसते का बघ," म्हणून तिने फोन ठेवला.

गेला बिचारा डब्लिनला! त्या पहिल्या चकल्या काय वर्णाव्यात... तेलात टाकल्या की विरायच्या. व्हिडिओ कॉलवर आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मोडल्या तर मोडल्या, दोघांनी मिळून मोडल्या ना!" त्यानंतर त्यांची एकही दिवाळी चुकली नाही.

यंदा दोघे तो सोऱ्या बॅगेत घालूनच माझ्याकडे आले. तेराव्यापर्यंत आम्ही आईचे इतके किस्से सांगितले, इतके हसलो, की ईशा म्हणाली, "तुम्ही ओके आहात ना?" त्यांना एअरपोर्टला सोडून घरी आले, चहा टाकायला कपाट उघडलं, तर आईच्या पिठाच्या डब्यांमागे सोऱ्या. नुसतं नळकांडं. फोनवर दादाचा मेसेज होता : "सुमे, दांडा माझ्याकडे, चकती मंद्याकडे. पुढच्या दिवाळीला नळकांडं घेऊन बर्लिनला ये. मंद्याही येतोय."

तिथेच ओट्याला टेकून आधी मनसोक्त रडले, मग तिकिटं बघायला बसले. मेलबर्न ते बर्लिन, चांगले चोवीस तास. आईसारखं फक्त सुटायची आणि उतरायची वेळ बघितली, तर चौदाच. परतीचे किती होतात, ते मी बघितलंच नाही.