आश्रुबाचा न लागणारा दगड

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा काढताना गुरुजी निळा खडू मुंबईच्या बाजूला झिजवायचे आणि आमच्या वाटणीला तपकिरी यायचा. त्यामुळे थंडीच्या तोंडाला किनाऱ्यावर बसून परदेशी पाखरं पाहणाऱ्या माणसांचे फोटो पेपरात आले की मला हसू यायचं. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, बाजूला चहाचा थर्मास. आमच्याकडे हेच काम एक माणूस तीस वर्षं करत होता. त्याच्या हातात दुर्बीण नव्हती, गोफण होती. आणि त्याला पाखरं पाहायला नाही, हाकलायला ठेवलं होतं. ठेवणारी संस्था आमची, आणि तिचा सेक्रेटरी मी.

त्याचं नाव आश्रुबा. चौसाळ्यापासून दोन कोस आत आमचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला तळं. हे तळं बाहत्तरच्या दुष्काळात बांधलं. तेव्हा आश्रुबा चौदा वर्षांचा होता आणि आईबरोबर पाळूवर माती टाकायला जायचा. आमच्याकडे तळ्याच्या बांधाला पाळू म्हणतात. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था निघाली, तिनं तळं घेतलं आणि आश्रुबाला राखणदार केलं. मासे चोरणारी माणसं आणि मासे गिळणारे बगळे, दोघांनाही त्यानं हाकलायचं. दिवाळीच्या सुमाराला पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात भूमिहीन लोक हरभरा फोकतात, म्हणजे बी हातानं नुसतं विखरून टाकतात. ही गाळपेर. तिची राखणही त्याच्याकडेच.

गाळपेरीचे खरे वैरी म्हणजे करकोचे. दसरा उलटला की मांजरसुंब्याच्या घाटाच्या अंगानं आधी त्यांचा आवाज यायचा, मग कितीतरी वेळानं आभाळात बारीक ओळ दिसायची. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा. हिमालय ओलांडून येतात म्हणे. आश्रुबा त्यांना सोयरे म्हणायचा.

"आले बगा सोयरे," तो पाळूवरून ओरडायचा. "इतक्या लांबून आले, तर हातपाय धुणं न्हाई, रामराम न्हाई, डायरेक हरभऱ्यावर!"

त्याची बायको भिवराबाई भाकरी घेऊन यायची, ती म्हणायची, "माजा सख्खा भाऊ दारात आला तर ह्यान्ला वळखू येत न्हाई. आन् ही पाखरं ढगात आसताना वळखत्यात."

आश्रुबाच्या राखणीची एक पद्धत होती. गोफण सणसणत फिरायची, दगड सुटायचा आणि बरोब्बर पाखराच्या मागं दोन हातांवर पडायचा. थवा उठायचा, पाण्यावरून एक गिरकी घ्यायचा आणि पलीकडच्या अंगाला बसायचा. मग आश्रुबा पलीकडे जायचा. दिवसभर हा खेळ. तीस वर्षांत त्याच्या दगडानं एक पीस हललं नाही. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "तात्या, तुमाला नेमच न्हाई." त्यावर त्यानं शंभर पावलांवरच्या बाभळीच्या खुंटावर भिवराबाईचं रिकामं डबडं ठेवायला लावलं आणि पहिल्या दगडात उडवलं. डबड्याला पोचा पडला म्हणून भिवराबाई आम्हा दोघांनाही बोलली.

"नेम हाय म्हनूनच लागत न्हाई, सेकेटरी," आश्रुबा म्हणाला.

दोन हजार बाराला तळं आटलं. मासे चिखलात तडफडून मेले आणि आठ दिवस गावाला वास येत होता. तेरा साली थोडं पाणी आलं, ते दिवाळीआधीच गेलं. चौदाला तर तळात माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. संस्थेच्या खोलीला मी कुलूप लावलं. करकोचे तिन्ही वर्षं आले. तळ्यावर एकदोन घिरट्या घेतल्या, खाली वाकून पाहिलं असेल नसेल, आणि निघून गेले.

आश्रुबाला राखणीला जा असं कुणी सांगितलं नव्हतं. राखायला काही उरलंच नव्हतं. तरी दसऱ्यापासून तो रोज गोफण घेऊन पाळूवर बसायचा. लेक आणि सून कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, घरात दोघंच म्हातारी. चौसाळ्याच्या रस्त्याला आसारामचं चहाचं हॉटेल आहे. तिथं बसणारे त्याला विचारायचे, "कशाची राखण करायलास बे? ढेकळांची?"

तो गोफणीची दोरी पिळत पुढं निघायचा. मला मात्र एकदा बोलला. "सेकेटरी, ह्या पाळूत माज्या मायनं टाकलेल्या मातीच्या पाट्या हायेत. लोक म्हनत्यात तळं मेलं. मानसाला काय कळतंय? पान्यातलं सोयऱ्यान्ला कळतंय. ते उतरले तर समजा तळं जितं हाय. न्हाई उतरले तर आमी मायलेकानं चिखलाची भित बांदली, आनखी काय?" बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मी दुसरीकडे बघत राहिलो.

पंधराचा पावसाळाही कोरडाच गेला, पण परतीच्या पावसानं जाता जाता चार एकरभर पाणी टाकलं. घोट्याइतकं खोल आणि भोवती मऊ काळा गाळ. आमचे चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, मासे जाऊ दे, गाळपेर तरी होऊ दे. बावीस जणांची यादी केली. संस्थेनं हरभऱ्याचं बियाणं आणलं. आदल्या वेळी वाळवीनं सगळं खाल्लं होतं, म्हणून विठ्ठलराव म्हणाले, औषध लावूनच वाटा.

औषध मी लावलं. ताडपत्रीवर बियाणं पसरलं, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि कालवलं. वास असा की दोन दिवस जेवण गेलं नाही. यादीतल्या बावीस जणांना मी समोर बसवून सांगितलं. हात साबणानं धुवा, कोंबड्या सोडू नका, शेरडं बांधून ठेवा, उरलेलं भाजून खाऊ नका. प्रत्येकाकडून वदवून घेतलं. एवढा मी काटेकोर माणूस.

आश्रुबाचं नाव यादीत नव्हतं. तो पेरणार नव्हता, त्यानं फक्त पाखरं हाकलायची होती. हाकलणाऱ्याला काय सांगायचं? हा विचारही मी केला नाही. तो मनात आलाच नाही, हे खरं.

दर वर्षी हरभरा फोकला की बैलाच्या मागं काटेरी फांदी ओढून बी झाकतात. त्या साली बैल चारा छावणीत होते. काहींनी हातानं फांद्या ओढल्या, काहींनी तेवढंही केलं नाही. बी गाळावर उघडंच पडलं.

दिवाळीला पाच दिवस होते. दुपारी चारच्या सुमाराला करकोचे आले. साठेक असतील. मी तेव्हा पाळूवरूनच चाललो होतो. थवा दोन घिरट्या घालून खाली आला, तिसरीला आणखी खाली आला, मग पाय लोंबकळायला लागले आणि एकामागून एक पाण्यात उतरले. आश्रुबा उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. माझा हात त्यानं इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"उतरले," तो म्हणाला. "सेकेटरी, उतरले बगा."

मलाही भरून आलं. मी म्हणालो, "तात्या, तुमचंच खरं झालं." आणि चौसाळ्याला बाजार करायला निघून गेलो. तिथंच मी थांबलो असतो, दोन शब्द बोललो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं. हे मी आता रोज म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला संस्थेच्या दारात आश्रुबा आला. धावत आला होता. एका पायात चप्पल नव्हती.

"सेकेटरी, पाखरं कावून झिंगायलीत? दारू पिल्यावानी पडायलीत. मान उचलंना."

मी खुर्ची मागं ढकलून उठलो. मी विचारलं, "हरभऱ्यावर बसलेत?"

"बसले की. दिस उगवल्यापसून खायलेत."

"आन् तुमी हाकललं न्हाई?"

त्यानं उरलेली चप्पलही पायातून काढली. मग लहान पोरानं चूक कबूल करावी तसा म्हणाला, "न्हाई हाकललं. तीन साल उपाशी गेलते. म्हनलं, आजच्या दिस पोटभर जेवू द्यावं सोयऱ्यान्ला. लोकान्ला मी भरून देनार हुतो, माज्या घरातनं."

तीस वर्षांत एक दिवस त्यानं गोफण खाली ठेवली होती. मी त्याला सांगितलं, बियाण्याला औषध होतं. वाळवीचं. विषारी. सांगताना मला वाटलं हा आता माझ्या थोबाडीत मारेल, आणि मारावी असंही वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "सगळ्यान्ला म्हाईत हुतं?"

"यादीतल्या सगळ्यान्ला."

तो वळला आणि पळत सुटला.

गाळात सतरा पाखरं पडली होती. काही मेलेली, काही पंख आपटत होती. भिवराबाईनं घरून मिठाचं पाणी कालवून आणलं. विषबाधा झालेल्या माणसाला आम्ही तेच पाजतो, दुसरं आम्हाला काय ठाऊक? आश्रुबानं एकेकाची मान मांडीवर घेऊन चोचीत पाणी ओतलं. पाणी एका बाजूनं बाहेर यायचं. मी शेजारी उभा होतो. मला तिथं काहीच काम नव्हतं.

बाकीचा थवा उठून पलीकडच्या अंगाला बसला होता आणि तिकडेही हरभराच होता. साऱ्या शिवारात दुसरा दाणा नव्हता, ते तरी कुठं जाणार? आश्रुबानं गोफण उचलली. पहिला दगड नेहमीसारखा मागं दोन हातांवर पडला. करकोचे थोडे उडाले आणि दहा पावलांवर बसले. दुसरा पडला. पुन्हा तेच. तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. या माणसाचा दगड लागत नाही.

"उठा रं!" तो ओरडत होता. "जावा! मरताल! जावा की रं!" तो शिव्या देत होता, हात जोडत होता, गाळात गुडघ्यापर्यंत रुतत त्यांच्यामागं पळत होता. थवा उठायचा आणि पुन्हा खाली बसून चोच मारायचा.

मग तो थांबला. दम खाल्ला. गाळात चाचपून त्यानं नेहमीपेक्षा मोठा दगड उचलला आणि गोफणीत घातला. थव्याच्या पुढं एक मोठा करकोचा होता. दगड त्याच्या मानेवर बसला. पाखरू जागच्या जागी कोसळलं. असा आवाज त्या तळ्यावर कधी झाला नव्हता. सगळा थवा एकदम उठला, ओरडत वर वर गेला, आणि घिरटी न घालता दक्षिणेला निघून गेला.

गाळात पडलेल्या सतरांतलं एकही पाखरू वाचलं नाही; आश्रुबानं अठरा खड्डे खणले. मला फावडं हातात घेऊ दिलं नाही. गावात लोक म्हणाले, पाखरांची काय एवढी? विठ्ठलराव म्हणाले, आपण तर सगळ्यांना सूचना दिल्या होत्या. मीही तसंच म्हणून पाहिलं, एकटा असताना. पटलं नाही.

पुढच्या साली, सोळाला, पाऊस असा आला की तळं सांडव्यावरून वाहिलं. गाळ उघडा पडलाच नाही, म्हणून गाळपेर नाही, हरभरा नाही, औषध नाही. नुसतं पाणी. दसरा झाल्यापासून मी रोज पाळूवर जाऊ लागलो. ती पाखरं उतरायला हवी होती. आश्रुबासाठी म्हणायला सोपं आहे, खरं म्हणजे मला माझ्यासाठी ती उतरायला हवी होती. आश्रुबाही तिथं बसलेला असायचा. वर्षभरात तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. का सांगितलं नाहीत, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एका दुपारी घाटाच्या अंगानं आवाज आला. तीस-चाळीस होते. भरलेल्या तळ्यावर एक घिरटी घेतली, दुसरी खालून घेतली. काठालगतच्या उथळ पाण्यावर त्यांचे पाय लोंबकळायला लागले. 

आश्रुबा उठला. कमरेची गोफण त्यानं कधी सोडली ते मला दिसलं नाही. दगड थव्याच्या तोंडासमोरून सणसणत गेला. मग दुसरा, मग तिसरा. "उतरू नगा!" तो घसा फोडून ओरडत होता. "उतरू नगा रं हितं!" थवा फुटला, पुन्हा जुळला आणि वर चढला.

मी धावत गेलो. "तात्या, काय करायलात? औंदा खाली काय बी न्हाई. नुसतं पानी हाय!"

तो धापा टाकत होता. थवा दिसेनासा होईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. मग म्हणाला, "गेल्या साली तुमाला म्हाईत हुतं, मला न्हवतं. औंदा कुनाला काय म्हाईत हाय, ते मला कोन सांगनार?"

मी त्याच्या शेजारी पाळूवर बसलो. 

संस्थेनं आता राखणदार ठेवलेला नाही. तळं कधी भरतं, कधी आटतं. दसरा झाला की आश्रुबा अजून गोफण घेऊन पाळूवर जातो आणि थंडी सरेपर्यंत बसतो. पाखरं दर वर्षी येतात, घिरटी घालतात. त्यानंतर आमच्या तळ्यात एकही करकोचा उतरलेला नाही. आश्रुबानं उतरू दिलेला नाही.