मागचं डावं चाक

ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. त्या तपासात माझ्यासोबत असलेले हवालदार गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या घरून परतल्यापासून हे प्रकरण लिहून काढावंसं वाटत होतं.

चाकणच्या एका कारखान्याचा ड्रायव्हर पुनावळ्याजवळ सर्व्हिस रोडला थांबला, तेवढ्यात पुढच्या सीटवरची बॅग चोरीला गेली. तिच्यात लॅपटॉप आणि एका नव्या सुट्या भागाची ड्रॉइंग होती. कारखान्याने फिर्याद दिली आणि संशय ड्रायव्हरवरच घेतला. त्यातच खबऱ्याने कळवलं, की आदल्या दिवशी हा टपरीवर एका माणसाशी बराच वेळ बोलत होता.

चौकशीत ड्रायव्हर एकच सांगत राहिला. "साहेब, स्क्रीनवर मागच्या डाव्या चाकाची हवा कमी दाखवली. मी उतरून मागं वाकलो, आन् काळ्या स्कूटरवाल्यानं बॅग उचलली."

पंचनाम्यात मागचं डावं चाक ठणठणीत निघालं. खिळा होता पुढच्या डाव्यात.

"मग मागे कशाला वाकलास?" मी दरडावलं.

"गाडीनंच दाखवलं, साहेब."

"म्हणजे गाडी खोटी आणि तू खरा?"

त्याची नोकरी गेल्यात जमा होती. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

हवालदार मात्र आवारात गाडीभोवती फिरून आले. "साहेब, जरा थांबा. मागचे टायर कडंनं झिजल्यात, वळताना पुढचे झिजत्यात तसे. ही चाकं आधी पुढं पळालेली हायेत." मग ते ड्रायव्हरकडे वळले. "भावा, चाकं कधी फिरवली, पुढची मागं अन् मागची पुढं?"

"परवाच."

चाकं फिरवणाऱ्या टायरवाल्याला बोलावलं. हवेचा दाब कळवणारा सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी बसतो. चाक हलवलं की तोही हलतो, म्हणून त्याची नवी जागा गाडीत नोंदवावी लागते.

"गिऱ्हाईक घाईत होतं, साहेब. नोंदवायचं राहिलं."

"चूक तुझी, आन् कोठडी त्याला व्हय?" हवालदार म्हणाले.

पुढच्या डाव्या चाकाचं पंक्चर काढलं, पंचांसमोर त्यातली हवा कमी केली आणि गाडी फिरवून आणली. स्क्रीनवर मागचं डावं चाक पिवळं झालं. टपरीवरचा माणूस ड्रायव्हरचा चुलतभाऊ निघाला. आठवड्याभरात त्याच रस्त्यावर खिळे टाकताना काळ्या स्कूटरवाला सापडला, बॅगही मिळाली.

आता मी चाकं फिरवली की सेन्सरची जागा समोर उभा राहून नोंदवून घेतो. महिन्यातून एकदा मापकाने हवा मोजून स्क्रीनशी ताडून पाहतो. जबाबाचंही तसंच. तो समोरच्या वस्तूशी जुळत नसेल, तर माणसाला खोटं ठरवण्याआधी वस्तू तपासावी, हे मी उशिरा शिकलो.

गाडी फिरवून पाहिली त्याच संध्याकाळी ड्रायव्हर निर्दोष असल्याचं मी स्वतः फोन करून कारखान्याला कळवलं. तो म्हणाला, "घरी बी तेवढं सांगा, साहेब." मी त्याच्या पत्नीला फोन लावला.

"तुमचे यजमान खरं बोलत होते."

"ते मला ठावंच हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कधी कळलं?"

"आज दुपारी," मी म्हणालो. "आमच्या हवालदारांमुळे."