निळ्या टिकांवर विश्वास नसलेला माणूस

महबूबभाई गेल्याची बातमी मला आमच्या संघटनेच्या ग्रुपवर कळली नाही. सरूचा लातूरहून फोन आला. सरू तिथल्या एका मोठ्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते. "ताई, भाई गेले. चहा पिऊन बसले होते, बसल्या बसल्याच..." मग रडत रडतच म्हणाली, "ग्रुपवर आत्ताच टाकू नका. आधी एकेकीला फोन लावू." नांदेडच्या बायका मी घेतल्या, लातूरच्या तिने. दुपारपर्यंत आम्ही दोघी फोनच करत होतो. मला रडायला सवड मिळाली ती संध्याकाळी.

आमच्या भागात क्लासेस वाढले, त्यांच्यामागे हॉस्टेलं वाढली आणि हॉस्टेलांमागे मेस. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना सकाळी सातला नाश्ता लागतो, म्हणजे बायका त्याच्या कितीतरी आधी शेगडीपुढे उभ्या, आठवड्याचे सातही दिवस. मी तेव्हा नांदेडला विष्णुपुरीजवळ मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. महबूबभाई लातूरच्या एका मेसचं कोठीघर सांभाळायचे. या बायकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, एवढ्या एका मागणीवर आमची संघटना उभी राहिली. आता ज्यांना सुट्टीच नाही त्या सभेला येणार कधी? म्हणून व्हॉट्सॲपचा ग्रुप. कल्पना भाईंची, आणि त्या ग्रुपची सगळ्यात जास्त धास्तीही भाईंनाच.

निरोप टाकला की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. "ताई, टिक निळी झाली, पण तिनं ऐकलं का तिच्या पोरानं?" मी वैतागायचे. म्हणायचे, ऐकलं असेल हो. "असेल न्हाई चालत," भाई म्हणायचे. त्यांनी नियमच केला होता : निरोप मिळाला की प्रत्येकीने आपल्या आवाजात आपलं नाव सांगून 'कळलं' असं बोलून पाठवायचं. अंगठा चालणार नाही, हात जोडलेलं चित्र तर अजिबात नाही. मी त्यांना हेडमास्तर म्हणून चिडवायचे. ते हसायचे, पण नियम सैल करायचे नाहीत.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा भाईंचा निलंग्याला एसटी स्टँडसमोर फोनचा बूथ होता. बाहेरगावी पोटापाण्याला गेलेल्यांचे फोनवर फोन येत होते : आमच्या माणसांचं काय, सांगा. पुण्याहून एकाने बहिणीची चौकशी केली. रांगेतला कुणीतरी म्हणाला, ते गाव ठीक आहे. भाईंनी तेच पुढे सांगितलं. तो भाऊ निर्धास्त झाला आणि दोन दिवस उशिरा आला. तोवर बहिणीला मातीही दिली गेली होती. "त्यो मला एक शब्दबी बोल्ला न्हाई, ताई," भाई मला म्हणाले. "बूथसमोर उभा ऱ्हायला आन् निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मग मी त्यांना हेडमास्तर म्हणायचं सोडलं.

तरीही चूक झालीच. सोमवारी सगळ्या मेसमधलं काम एकदम थांबवायचं ठरलं होतं. सगळ्या एकदम बाहेर पडल्या तरच धाक, नाहीतर एकेकीला घरी बसवणं मालकांना सोपं. आदल्या दिवशी कळलं की सोमवारी सकाळी पोरांची परीक्षा आहे. भाई म्हणाले, लेकरांना उपाशी पाठवून आपल्याला सुट्टी नको. काम बुधवारी थांबवायचं, असा निरोप त्यांनी ग्रुपवर टाकला. नेमकी त्याच दुपारी आमच्यातल्या एकीची सासू देगलूरला वारली. मग काय, आपल्याकडे अशा वेळी कुणी गप्प बसतं का? हार, फुलं, तेवणारे दिवे, आणि बोलून पाठवलेलं 'लई वाईट झालं'. भाईंचा निरोप त्या दुखवट्याखाली गाडला गेला. भाई फक्त कुणाकुणाचा आवाज आलाय ते बघत गेले, प्रत्येक आवाज लावून ऐकला नाही. सरूचाही आला होता. तो दुखवट्याचा होता.

सोमवारी सरू एकटीच बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिली. मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

मी एसटीने लातूर गाठलं. भाई कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर बसून होते. "पुन्हा तसंच झालं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला आणि बायकांना एकेक करून विचारायला सुरुवात केली : तुझं नाव घेऊन 'मी सरूसोबत हाय' असं बोलून पाठवशील का? आणि तो आवाज मालकाला ऐकवू का? दुसरा प्रश्न ते प्रत्येकीला दोनदा विचारत होते. आवाज म्हणजे ओळख. नाही जमलं तर उद्या सगळ्यांच्याच नोकऱ्या जाणार. मी म्हटलं, भाई, राहू द्या, दुसरा काहीतरी मार्ग काढू. ते म्हणाले, "त्या व्हय म्हणायल्यात, ताई. आपण न्हाई म्हणणारे कोण?"

सरूच्या मालकाच्या ऑफिसात भाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि एकेक आवाज लावला. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुठे बाळाचं रडणं, आणि नाव. मालक आधी हसत होता. मग त्याच्या स्वतःच्या मेसमधल्या बायका बोलू लागल्या, भाजीवाली, भांडीवाली, त्याच्या आईला जेवण भरवणारी. भाई पुढचा आवाज लावतच राहिले. शेवटी मालकच म्हणाला, "बंद करा ते. येऊ द्या तिला. सुट्टीचं बसून बोलू." बुधवारी काम थांबवायची वेळ आली नाही, आणि त्या वर्षी एकेका मेसने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

आता भाईंना जाऊन काही आठवडे झालेत. नवे वर्ग भरलेत, आणि नांदेडच्या एका मेसवाल्याने सांगितलंय की ती सुट्टी महबूबभाईंच्या शब्दावर होती, आता ते नाहीत. परवा सकाळी लवकरच मी सभेचा निरोप टाकला. भाईंशिवाय पहिलाच. हळूहळू सगळ्यांचे आवाज आले. सरूचा आला नाही. टिक निळी झालेली. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिला पुन्हा काढलं की काय? नाही नाही ते मनात येऊ लागलं. भाई वर्षानुवर्षं हे कसं सोसत होते, कोण जाणे...

सकाळचे दहा वाजले असतील. फोन वाजला. सरूचा आवाज जड, घोगरा. मी जवळजवळ ओरडलेच, "अगं कुठे आहेस तू? काय झालं?"

"काय न्हाई, ताई," ती जांभई देत म्हणाली. "पोरानं उघडला असंल फोन. आज माझी सुट्टी हाय ना. झोपले होते."