दादाचा राहिलेला सत्कार

"मागं वळून बघू नका. कोणी हाक मारायलंय असं वाटलं तरी बघू नका," आई म्हणाली. नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही मानवत रोड स्टेशनवर उभे होतो. आई, दादा आणि मी. हाक कोणीच मारली नाही. ज्याच्या नावानं अख्खं गाव घसा फोडायचं, त्या दादाला निरोप द्यायला एक माणूस आला नाही. गावच्या मंडळींनो, हे तुम्हालाच लिहितोय.

दादा गावच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड. हैदराबादला खेळून आलेल्या एका मास्तरांनी गावाला हे वेड लावलं होतं. सामना जिंकला की तुम्ही दादाला खांद्यावर घेऊन मिरवायचात, पण फक्त देवळापर्यंत. तिथं त्याला खाली उतरवायचं. नारळ फोडायला सगळे आत, आणि दादा बाहेर तुमचे बूट राखत बसलेला. गोल त्याचे, नारळ तुमचा. पुढं वस्ती पेटवायला आलेल्यांत त्याला पास देणारा लेफ्ट विंगरही होता. दादानं त्याला नावानं हाक मारली. त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही.

पुण्यात दादा कारखान्यात चिकटला, मला शिकवलं. शिष्यवृत्तीवर मी चेकोस्लोव्हाकियात गेलो, ब्रनोला, इंजिनिअरिंग करायला. हॉस्टेलजवळच्या बिअरच्या दुकानात एक म्हातारा लंगडत यायचा. तोही एके काळचा फॉरवर्ड. खेळ सोडून जमाना झाला होता, तरी तो आत आला की लोक उठून खुर्ची द्यायचे. ट्रामचा ड्रायव्हर त्याला बघून घंटी वाजवायचा. वाढदिवसाला सगळा मोहल्ला त्याच्या घरी जेवायला. एकदा मीही गेलो, त्याच्या बायकोनं वाढलेलं सूप प्यायलो. सगळे हसत होते आणि माझं डोकं भणभणत होतं. संताप त्या म्हाताऱ्याचा नव्हता, तुमचा होता.

यंदा विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं आणि तुम्हाला दादा आठवला. सरपंचांचा माणूस पुण्याला आला. "अजून पोरं तुमचंच नाव घेत्यात. लय मोठा सत्कार करायचा हाय," म्हणाला.

मी म्हणालो, थुंकतो तुमच्या शालीवर. दादानं मला गप्प केलं. "येतो की," तो म्हणाला. "फक्त सत्कार आमच्या वस्तीत ठेवा. तिथं या, आमच्यात बसून जेवा." त्याचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. नवा सदरा शिवायला टाकला त्यानं.

पंधरवड्यानं तुमचा निरोप आला. "वस्तीत एवढ्या मंडळीला जागा पुरायची न्हाई."

दादा डबा उचलून कामावर निघून गेला. सदरा अजून शिंप्याकडेच आहे.

मी मात्र बोलणार. जागा भरपूर आहे, मंडळी. आमची घरं तुम्ही जाळलीत, तिथं इतक्या वर्षांत एक भिंत उभी राहिलेली नाही. कोणी गाव विचारलं की मला तेवढीच मोकळी जागा दिसते. पाहिजे तेवढ्या पंगती बसतील.