मालतीकाकूंसाठी दोन स्थळं

कोलकात्यात आम्ही मराठी माणसं मोजकीच, त्यामुळे एकाच्या घरचा किस्सा लगेच सगळ्यांच्या मालकीचा होतो. दर रविवारी सकाळी बेहालाला मालतीकाकूंकडे पोहे खायला जमायचं आणि येताना एखादा किस्सा आणायचा, हे बँकेने माझी इथे बदली केल्यापासून चालू आहे. पण अलीकडचे बहुतेक किस्से खुद्द काकूंचेच आहेत.

काकू बहात्तरच्या. काका गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकट्या. गुडघे दुखतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा निखिल न्यूझीलंडला, मुलगी मीरा डेन्मार्कला. "आई, आता एकटं राहायचं नाही," यावर दोघांचं एकमत. फ्लॅट विकून कोणाकडे जायचं, एवढंच काकूंना ठरवायचं होतं.

"दोन्ही स्थळं चांगली आहेत," गोडबोले म्हणाले. "रीतसर चौकशी करू."

*

हे गोडबोले सरकारी कंपनीत मोठे साहेब. ते डेन्मार्कच्या बाजूचे, कारण कामानिमित्त तिथे तीन दिवस राहून आलेत. मी न्यूझीलंडच्या बाजूचा, कारण त्यांचे क्रिकेटपटू सभ्य वाटतात.

काकू म्हणाल्या, "मला तिथे बॅटिंग करायची नाहीये. गुडघ्यांचं काय ते बोला."

*

मीराने फोनवर सांगितलं, "आई, इथे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो गं."

काकूंना भलताच पेच पडला. "मग आधी देवापुढे दिवा लावायचा, की दुपारचा चहा घ्यायचा?"

*

निखिलने व्हिडिओ कॉलवर समुद्रकिनारा दाखवला. लांबच लांब वाळू, चिटपाखरू नाही.

"कर्फ्यू आहे का रे?"

"नाही गं. इथे माणसंच कमी. तुला करमेल का?"

"आणि वाट चुकले तर विचारायचं कोणाला?"

बेहालात पत्ता विचारला की चार जण गोळा होतात आणि चार वेगळे रस्ते सांगतात. काकूंच्या मते चुकीचा का होईना, सांगतात हे महत्त्वाचं.

*

काकूंच्या गल्लीतला मासेवाला रोज खालून हाक मारतो, "माशिमा, भालो इलिश आछे!" माशिमा म्हणजे मावशी, आणि इलिश हा बंगाल्यांचा लाडका मासा. काकू जन्माच्या शाकाहारी. तरी रोज खिडकीतून त्याला "आज नको" म्हणतात. आम्ही म्हटलं, खात नाही म्हणून एकदा सांगून टाका ना.

"मग तो हाक मारायची बंद करेल," काकू म्हणाल्या.

*

गेल्या रविवारी बालीगंजहून साठेसर आले. जन्म इथलाच, आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. कोणतंही विधान ऐकलं की ते आधी विचारतात, "हे कोणी सांगितलं?"

काकूंनी त्यांच्यासमोर वही उघडली. एका पानावर डेन्मार्क, दुसऱ्यावर न्यूझीलंड.

"डेन्मार्क. दवाखाना फुकट."

"कोणी सांगितलं?"

"निखिलने. म्हाताऱ्या माणसांची सोयही तिथेच उत्तम."

"हे?"

"निखिलनेच. आता न्यूझीलंड. तिथली हवा गुडघ्यांना मानवेल."

"कोणी सांगितलं?"

"मीराने. देऊळ आहे, अंगणात भाजी लावता येते, हेही मीरानेच."

साठेसरांनी दोन्ही पानं पुन्हा एकदा वाचून पाहिली. गोडबोले चष्मा पुसत बसले.

काकूंनी वही मिटली. "भावंडांचं किती गूळपीठ आहे बघा," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या देशाबद्दल एक चांगला शब्द नाही. कौतुक करतात ते एकमेकांच्याच देशाचं."