बसलेल्या कोंबड्याचं माप

माझ्या सासुरवाडीत मला आजवर कोणी चूक म्हटलेलं नाही. मी चुकत नाही म्हणून नव्हे, मी जावई आहे म्हणून. करमाडला पाऊल टाकलं की मी बोलेन ते खरं, आणि मी सांगितलेला रस्ता बंद असला तरी मेहुणा गजानन जीप त्याच रस्त्याला घालतो! माणसाच्या डोक्याला ही हवा फार वाईट.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे मामींकडे, सरदार नावाचा असील जातीचा कोंबडा आहे. उंच मानेचा, लाल-काळा, अंगणातून चालायला लागला की कुत्रंसुद्धा बाजूला होतं. त्याआधीच्या वर्षी मामी त्याला बांबूच्या डालग्यात घालून एसटीनं कन्नडच्या पशुप्रदर्शनात घेऊन गेल्या होत्या. पोचेपर्यंत शेपटीची दोन लांब पिसं मोडली. परीक्षकांनी सरदारकडे एकदा बघितलं आणि ते पुढच्या पिंजऱ्याकडे गेले. मामी परत आल्या आणि दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग वर्षभर त्या कोंबड्याला बाजरी काय, शेंगदाणे काय! सगळी सेवा नव्या पिसांसाठी. पिसं आली, पहिल्यापेक्षा झोकदार आली. आता ती शेपूट कन्नडपर्यंत शाबूत न्यायची, एवढंच राहिलं होतं.

तिथं मी तोंड उघडलं.

"मामी, सरदारसाठी पेटी मी बनवतो!"

(मी एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढतो. शेकडो जिने, संडास आणि पाण्याच्या टाक्या माझ्या हातून गेल्यात. कोंबड्याची ती काय मिजास!)

"कशाला तसदी, जावईबापू?" मामी घाईघाईनं म्हणाल्या. "हाय की घरात एखादं खोकं."

हा मी त्यांचा भिडस्तपणा समजलो.

माप घ्यायला मी टेप घेऊन सरदारच्या मागे लागलो. अंगणाला सात फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला मी पुढे होतो आणि सरदार मागे! शेवटी दिवस मावळता मावळता तो पडवीतल्या दांडीवर जाऊन निवांत बसला, मान आखडली, अंग फुगवलं. मी हळूच गेलो आणि लांबी, रुंदी, उंची घेतली. वर चार बोटं मोकळी जागासुद्धा धरली. आमचं काम पक्कं असतं.

माझी बायको सुनंदा दारात उभी होती. "अहो, तो बसलाय. उभा राहिला की केवढा होतो, बघितलंत का?"

"प्रवासात उभं कोण राहतं? आपण एसटीत बसूनच जातो ना?"

"जागा मिळाली तर!"

मी दुर्लक्ष केलं. त्या घरात मला सगळे व्हय म्हणत होते, एकटी बायको नाही म्हणत होती, आणि ती बायको असल्यामुळे मी ऐकत नव्हतो.

शहरात आमच्या घरी परतल्यावर औरंगपुऱ्यात प्लायवूड घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "साब, टीव्ही का कपाट बना रहे क्या?" मी म्हटलं, "नाही, कोंबडा कन्नडला न्यायचाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं, प्लायवूडकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बस से भेज देते ना साब!" पण मी जाड प्लायवूडच घेतलं. पितळी मूठ घेतली. हवेसाठी भोकं पाडली, तीसुद्धा नक्षीत. तळाला आमच्या स्वयंपाकघरातला उरलेला सनमायका चिकटवला. दोन रविवार गेले, तीन बोटांना पट्ट्या लागल्या, गुडघे सुजले. पेटी इतकी मजबूत झाली की उचलायला दोन माणसं लागायची.

करमाडला पेटी उतरवली तेव्हा सगळं घर गोळा झालं.

"दाजी, खाली थोडा भुसा टाकायचा का?" गजाननानं विचारलं.

"कशाला? सनमायका आहे. फडकं मारलं की स्वच्छ!"

"व्हय दाजी."

"पाय घसरंल..." मामी पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"लई झकास झाली म्हनलं!"

मी म्हटलं, आता सरदारला घालून बघू. मामींचा चेहरा उतरला. "आज नगं, जावईबापू. आमुशा हाय. नव्या पेटीत जीव ठेवू नाय." हे कारण मला पटलं. (अमावास्या चार दिवसांनी होती, हे सुनंदानं मला नंतर सांगितलं.)

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तोवर मामींनी सगळी तयारी केली होती. पेटीवर गोधडी पांघरली होती. मी वाकून बघायला गेलो तशी त्यांनी हात धरला. "उघडू नका! नजर लागती. आता कन्नडलाच उघडायची."

पेटी मी आणि गजाननानं जीपमध्ये मागे चढवली. मी तिच्याशेजारी पहारा देत बसलो, पलीकडे सुनंदा. पुढे गजानन, आणि त्याच्या बाजूला मामी, मांडीशी कुलरचं एक उंच खोकं धरून, वर शाल टाकून.

"यात काय, मामी?"

"भाकरी हायत. दिवसभराच्या."

भाकरीला एवढं उंच खोकं! पण सासुरवाडीचा पाहुणचार मला माहीत होता, मी पुढे विचारलं नाही.

शहर ओलांडलं आणि पुढून, थेट भाकरीच्या दिशेनं, दणदणीत बांग आली.

मी अभिमानानं पेटीवर थाप मारली. "ऐकलंत? बसलाय मागं आणि आवाज येतोय पुढून! भोकांची रचनाच तशी आहे."

"व्हय दाजी," गजानन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "लई भारी रचना."

दुसरी बांग आली तेव्हा मामींना जोराचा खोकला आला. तिसऱ्या बांगेला गजाननानं हॉर्न वाजवला; रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं! सुनंदा तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तिला गाडी लागली. मी तिला आवळासुपारी दिली. त्यावर ते खांदे आणखीच हलायला लागले. घाट चढेपर्यंत मी तिघांना पेटी बनवण्याचं शास्त्र समजावून सांगत होतो.

कन्नडला मैदानात माणसं जमली होती. मी पेटी मधोमध ठेवली, गोधडी ओढली आणि झाकण उघडलं.

आत एक म्हातारी, करडी कोंबडी बसली होती. सनमायक्यावर गोणपाट, गोणपाटावर भुसा, भुशावर ती. तिनं माझ्याकडे एकदा रागानं बघितलं आणि परत डोळे मिटले.

"मामी! अहो, सरदारचं हे काय झालं!"

गजानन मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. मामींनी मान खाली घालून शाल बाजूला केली. कुलरच्या खोक्यातून आधी मान आली, मग छाती, मग ती शेपूट, एकही पीस वाकडं न झालेली. सरदार पूर्ण उभा राहिला तेव्हा मला कळलं, माझ्या पेटीत त्याची फक्त छातीपर्यंतची सोय होती.

सरदारचा पहिला नंबर आला. फेटा बांधलेल्या परीक्षकांनी मामींना विचारलं, "आजी, शेपूट एवढी जपून आणली कशी?"

"जावईबापूंनी पेटी बनवली," मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. परीक्षकांनी पेटी पाहिली, कोंबडा पाहिला. "एवढ्यात हा मावला?"

"बसून आला!" गजानन म्हणाला.

परतताना मी मामींना गाठलं. मला खरंच वाईट वाटत होतं. "मामी, पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. तुमची वर्षभराची मेहनत मी घालवली असती."

"कसं सांगू?" मामी माझ्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाल्या. "माझ्या कोंबड्यापायी तुमी दोन आयतवार हात कापून घेतले. सरदारचा नंबर तर हवाच व्हता मला. पन तुमचं मन मोडून नगं व्हता."

मी पट्ट्यांची बोटं मुठीत लपवली. तेवढ्यात मला आठवलं. "पण मग आत ती कोंबडी का ठेवली?"

"पेटी हलकी लागली असती तर तुमाला शंका आली असती ना! आन ती खुडूक हाय. अंड्यावर बसती ती महिनाभर उठत नाय. तिला बसलेल्याच मापाची जागा लागती."

ती पेटी आता करमाडच्या पडवीत असते. आतापर्यंत तिच्यात तीन कोंबड्यांची पिल्लं निघालीत. आल्यागेल्याला मामी कौतुकानं सांगतात, "आमच्या जावईबापूंनी खास खुडूक कोंबडीसाठी बनवली. माप बसलेल्या कोंबड्याचं घेतलं, बगा!" लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी नकाशे काढणाऱ्या माणसाच्या गांभीर्यानं मान हलवतो आणि म्हणतो, "हो, मुद्दामच."

आणि गजानन म्हणतो, "व्हय दाजी."