पांढरा रोलर

"हा रोलर जपानी आहे. शिक्का घासून काढलाय," मी म्हणालो.

शालिकरामजी हसले नाहीत. "मंग कुठं घासला ते दाखवा ना, साहेब."

दाखवता येईना. तरी माझी खात्री होती. लाखनीच्या हायवेवर जुन्या टायरांना नवं रबर चढवून रिमोल्ड करणारा हा माणूस भातगिरणीचा रोलर कसा बनवील? दोन रबरी रोलरांमधून धान गेलं की टरफल निघतं. काळ्या रबराने तांदूळ काळवंडतो, म्हणून पांढरे रोलर परदेशातून यायचे, तेही परवान्यावर, मोजकेच. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. तेव्हाचं धोरण सरळ होतं. वस्तू देशात बनते असं ठरलं, की तिची आयात बंद. बनते की नाही हे तपासून दाखला देणारा जिल्ह्यातला तांत्रिक अधिकारी मी. परदेशी माल आपला म्हणून दाखवणारे दोन लबाड आधी पकडले होते, त्यामुळे मला सगळेच तसे दिसायचे.

"पांढरा कशाने केला?"

"धानाच्या भुशाच्या राखेनं. नीट जळली का पांढरी फटक होते."

मला वेड्यात काढतो की काय! "माझ्यासमोर बनवा."

त्यांनी बनवला. राख रबरात मळली, साच्यात घातली, वाफेवर शिजवली. रोलर पांढराच निघाला. मग मला राखेचाच संशय आला. पोत्यात परदेशी पावडर असेल तर? नमुना सील करून नागपूरच्या लॅबला पाठवला.

महिने गेले. शालिकरामजी दर आठवड्याला भंडाऱ्याला ऑफिसात येत. "दाखल्याबिगर गिरणीवाले माल घेत नाही, साहेब. कायले अडवून राहिले?"

"रिपोर्ट येऊ द्या."

आमचे मॅनेजर वैतागले. "अहो, सही करून सोडा ती फाइल."

"उद्या चौकशी लागली तर सही माझी असेल, साहेब."

शेवटी रिपोर्ट आला. राखच होती. त्याच आठवड्यात दिल्लीचं सर्क्युलरही आलं: देशात कुणी बनवत नसल्याने भातगिरणीच्या रोलरची आयात विनापरवाना खुली.

दाखला घेऊन मी स्वतः लाखनीला गेलो. शालिकरामजी ट्रकचा टायर घासत होते. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "आता याचं का करू, साहेब? गिरणीवाल्यायनं जपानी मागवला."

मला लाज वाटली, आजही वाटते. लोक म्हणतात, दिल्लीला खेड्यातलं काही कळत नाही. दिल्लीने विचारलं होतं. दर तिमाहीला फॉर्म यायचा, 'जिल्ह्यातील उत्पादक' असा रकाना असायचा. तपास चालू असताना तो मीच भरला होता. निरंक.